दुःखाला सोबत देणारी श्रद्धा

अंधेरी पूर्वेला सीप्झच्या कुंपणाआड, सॉफ्टवेअर आणि दागिन्यांच्या कंपन्यांच्या दाटीत, एक पडकं चर्च उभं आहे. छप्पर केव्हाच गेलं आहे, भिंतींतून झाडं वाढली आहेत. जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ मध्ये बांधलेलं हे संत योहान बाप्तिस्ताचं चर्च. १८४० मध्ये या भागात साथ पसरली, माणसं मरू लागली आणि उरलेलं गाव मरोळला सरकलं. जाताना गावकऱ्यांनी घरातल्या भांड्याकुंड्यांबरोबर चर्चमधल्या मूर्ती, वेदीचे भाग आणि बाप्तिस्म्याचं दगडी पात्रही नेलं. मरोळच्या नव्या चर्चमध्ये त्या वस्तूंना जागा मिळाली. जुन्या चर्चच्या उघड्या भिंतींमध्ये आजही वर्षातून एकदा, मे महिन्यात, मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते.

ज्या गावाने डोळ्यांदेखत आपली माणसं गमावली, त्याला देवाबद्दल प्रश्न पडले नसतील असं नाही. तरीही त्यांनी श्रद्धा मागे टाकली नाही, उचलून सोबत नेली. मुंबईच्या उपनगरांत ख्रिस्ती श्रद्धेने माणसांची मनं कशी सावरली हे समजून घ्यायचं, तर तिने या दुःखी माणसांना नेमकं काय दिलं हे पाहावं लागतं. दुःख नाहीसं करण्याची हमी तिने दिली नाही. दुःखाला बसायला जागा दिली, त्याच्यासाठी ठरावीक वेळ राखून ठेवला, बोलायला शब्द दिले आणि शेजारी बसायला माणसं दिली. या चार गोष्टींचा इतिहास उपनगरांच्या गल्ल्यांत आजही उघड्यावर वाचता येतो.

साथीच्या वर्षांतले क्रूस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. वाल्देमार हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. घरांची झडती, रुग्णांना वेगळं नेणं, सामान जाळणं, गर्दीवर बंधनं हे सगळं सुरू झालं. आजाराइतकीच भीती घरातलं माणूस उचलून नेलं जाण्याची होती.

आज ज्याला आपण उपनगरं म्हणतो, ती तेव्हा साष्टी बेटावरची गावं होती. वांद्रे, आंबोली, मरोळ, कुर्ला या गावांत मराठीच्याच बोली बोलणारे, शेती आणि मासेमारी करणारे ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८८७ पासून त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायला सुरुवात केली होती. प्लेगच्या वर्षांत या गावांच्या नाक्यांवर, विहिरींजवळ, वाड्यांच्या तोंडाशी क्रूस उभे राहिले. काही नवस म्हणून, काही संकट टळलं म्हणून, काही गेलेल्यांच्या आठवणीत. जुन्या युरोपात साथीच्या वेळी ज्यांचा धावा होत असे ते संत सेबास्तियन आणि संत रॉक यांची नावं वांद्र्याच्या गल्ल्यांत याच काळाची आठवण देतात.

हे क्रूस केवळ स्मारकं म्हणून उरले नाहीत. दर मे महिन्यात त्यांना चुना लागतो, फुलांच्या माळा चढतात. संध्याकाळी आळीतली माणसं रस्त्यावर उभी राहून जपमाळ म्हणतात, लदीन म्हणजे संतांची आळवणी गातात, आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. आजोबांच्या आजोबांनी ज्या भीतीपोटी तो क्रूस उभारला, त्या भीतीची गोष्ट मुलांच्या कानावर पडते ती अशी चणे खाताखाता.

मानसशास्त्राला या प्रथेचं मोल कळायला बराच काळ जावा लागला. शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं, ही कल्पना विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रभावी होती. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने उलट बाजू मांडली. गेलेल्या माणसाशी असलेलं नातं संपवावं लागत नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहतं आणि त्या चालू राहण्यातच पुष्कळांना बळ मिळतं. कॅथलिक घरांत हे नातं पंचांगात बसवलेलं असतं. महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा आणि २ नोव्हेंबरचा सर्व मृतांचा दिवस. त्या दिवशी उपनगरांतल्या चर्चच्या दफनभूमी मेणबत्त्या आणि झेंडूच्या फुलांनी भरून जातात. एरवी ज्या बाईला मुलाचं नाव काढलं की लोक विषय बदलताना दिसतात, तिला त्या संध्याकाळी कबरीपाशी ते नाव मोठ्याने घेता येतं.

कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, चर्चची दारं बंद झाली तेव्हा हीच गोष्ट हिरावली गेली. मोजक्या माणसांत दफन, खांदा द्यायला कुणी नाही, घरी भेटायला येण्याची सोय नाही. मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली, पण शेजारचं माणूस आलं नाही. बंधनं उठल्यावर राहून गेलेल्या स्मरणमिस्सा झाल्या, त्या पुष्कळ कुटुंबांसाठी खऱ्या अर्थाने निरोपाचा पहिला क्षण होत्या.

केडगावचं उदाहरण

प्लेगच्या त्याच वर्षांत या उपनगरांपासून दूर, पुण्याकडे, एक बाई दुष्काळातल्या मुली गोळा करत होती. पंडिता रमाबाईंनी सोळा-सतराव्या वर्षी, १८७४ च्या दुष्काळात, आई-वडील गमावले होते. थोरली बहीणही त्याच काळात गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. हाताशी उरली ती लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू केलं आणि ते नंतर पुण्याला नेलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या मुलींना ठेवणं अशक्य झालं, तेव्हा त्या केडगावच्या शेतावर गेल्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. उपासमारीने आणि अत्याचाराने मोडलेल्या त्या मुलींसाठी रमाबाईंनी प्रार्थनेबरोबर काम ठेवलं. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल शिकून घेतलं. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या आणि त्याच्या छपाईसाठी खिळे जुळवणारे हात या मुलींचेच होते.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. त्यानंतर वर्षभरात, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. शोक त्यांना शेवटपर्यंत चुकला नाही. तरी त्यांच्या आयुष्यात श्रद्धेने केलेलं काम स्पष्ट दिसतं. स्वतःच्या जखमेतून त्यांना इतरांच्या जखमा ओळखता आल्या, आणि त्या भरून काढण्याचं काम हाच त्यांचा आधार झाला. मोठ्या धक्क्यातून गेलेल्या माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव पुन्हा मिळणं किती महत्त्वाचं असतं, हे आज समुपदेशक आवर्जून सांगतात. केडगावात ते सव्वाशे वर्षांपूर्वी रोजच्या वेळापत्रकात होतं.

देवापुढे तक्रार करण्याची मुभा

ख्रिस्ती माणसाने दुःखात हसतमुख राहावं, अशी एक चुकीची समजूत खुद्द ख्रिस्ती घरांतही असते. बायबल मात्र तसं सांगत नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. देवा, तू मला विसरलास का, तू लपलास का, आणखी किती काळ, असे थेट जाब विचारणारी. बहुतेक विलाप शेवटी विश्वासाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तेवढंही करत नाही, ते अंधारातच संपतं. प्रार्थनेच्या पुस्तकात अशी प्रार्थना राखून ठेवणाऱ्यांना माणसाचं मन पुरतं ठाऊक होतं.

ईयोबाच्या गोष्टीत सांत्वनाचा मोठा धडा आहे. संपत्ती, मुलं, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात आणि सात दिवस-सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसतात. तिथवर ते बरोबर असतात. मग ते दुःखाची कारणं समजावून सांगायला लागतात, तुझंच काही पाप असेल म्हणतात, आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. येशूही मित्र लाजरस याच्या कबरीपाशी रडतो. त्याला उठवणार हे माहीत असतानाही रडतो. क्रूसावर तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची आर्त हाक उच्चारतो. पुनरुत्थानानंतर तो शिष्यांना दिसतो तेव्हा त्याच्या हातांवरच्या खुणा तशाच असतात आणि थोमाला तो त्या दाखवतो. ख्रिस्ती आशा म्हणतात ती ही. तिच्यात जखम पुसली जात नाही, पण जखमेला शेवटचा शब्दही मिळत नाही.

हे मराठी माणसाला आपल्या भाषेत ऐकू आलं, याचं श्रेय अनेकांकडे जातं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भक्ती आणली आणि त्यांची भजनं ‘उपासना संगीत’ या संग्रहातून मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. परक्या भाषेत माणूस प्रार्थना पाठ म्हणू शकतो, रडताना मात्र त्याला आपलीच भाषा लागते.

बुधवारची गर्दी, मेणाचं हृदय

दर बुधवारी माहीमच्या संत मायकल चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर गर्दी असते. बोरिवली, अंधेरीहून पश्चिम रेल्वेने आलेली, मुलुंड, घाटकोपरहून दादरला गाडी बदलून आलेली. नित्य साहाय्य मातेची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची ही प्रार्थना, १९४८ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून दिवसभर पाळीपाळीने अनेक भाषांत चालते. रांगेत ख्रिस्ती असतात तितक्याच सहजपणे हिंदू आणि मुसलमानही असतात. नऊ बुधवार यायचं असा संकल्प असतो. माणसं आपली मागणी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकतात आणि आभाराची पत्रं प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली जातात. नोकरी, परीक्षा, मूल, नवऱ्याची दारू, आईचं ऑपरेशन.

वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीच्या जत्रेत हेच मेणातून दिसतं. ८ सप्टेंबरच्या मारियेच्या जन्मदिनानंतरच्या रविवारपासून आठवडाभर चालणाऱ्या या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं आणि हृदयं विकायला असतात. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, त्याचा आकार तो वेदीपाशी ठेवतो.

वैद्यकीय उपचाराची जागा मेण घेऊ शकत नाही आणि चर्चही तसं शिकवत नाही. तरी इथे मनाच्या पातळीवर खरं काही घडतं. आतल्या आत घुसमटणारी गोष्ट आधी नाव घेऊन बाहेर येते. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी संबंधित केंद्राची खळबळ कमी होते. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईला हे शास्त्र माहीत असायची गरज नाही. चिठ्ठी पेटीत टाकल्यावर तिला हलकं वाटतं, आणि दुसऱ्या कुणाचं आभारपत्र ऐकताना आपल्यासारखं ओझं वाहणारे किती जण आहेत हेही कळतं. नऊ आठवड्यांचा नेमही महत्त्वाचा. खचलेल्या माणसाला पुढचं वर्ष दिसत नाही, पुढचा बुधवार दिसू शकतो.

कुमसाराचंही असंच आहे. धर्मगुरूपुढे केलेलं पापनिवेदन कायमचं गुप्त राहतं. ते फोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चचा कायदा थेट बहिष्कृत करतो. अपराधाचं ओझं घेऊन वावरणाऱ्या माणसाला ते एकदा स्पष्ट शब्दांत सांगता येणं आणि क्षमा झाली हे दुसऱ्या माणसाच्या तोंडून कानांनी ऐकणं, याने पुष्कळांची झोप परत आली आहे.

बाटलीपासून सुटका

उपनगरांतल्या गावठाणांत दारूने किती घरं पोखरली हे कुणाला सांगायला नको. या बाबतीत सर्वांत धीराचं काम एका धर्मगुरूच्या स्वतःच्या पडझडीतून उभं राहिलं. फादर जो परेरा हे मुंबई धर्मप्रांतातले धर्मगुरू स्वतः मद्याच्या आहारी गेले होते आणि त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. १९८१ मध्ये त्यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्या आणि पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेला योग, असा मेळ त्यांनी घातला. पुढे देशाच्या अनेक भागांत कृपाची केंद्रं झाली. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बारा पायऱ्यांची मुळं ख्रिस्ती भूमीत आहेत. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे संस्थापक बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कात आलेले होते. आपल्या बळावर हे सुटत नाही हे मान्य करणं, स्वतःहून मोठ्या शक्तीवर भरवसा टाकणं, आपल्या चुकांची यादी करून ती दुसऱ्या माणसाला सांगणं, ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं आणि मग दुसऱ्या व्यसनी माणसाला हात देणं, हा क्रम प्रायश्चित्ताच्या जुन्या वाटेवरूनच आलेला आहे. पुढे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसने कोणत्याही धर्माची अट ठेवली नाही, त्यामुळे एका खोलीत सर्व धर्मांची माणसं बसतात. चर्च आणि शाळांच्या मोकळ्या खोल्या संध्याकाळी अशा बैठकांना मिळतात, ही उपनगरांतल्या चर्चची शांतपणे चाललेली मोठी सेवा आहे. पिणाऱ्याच्या बायकोसाठी आणि मुलांसाठीही वेगळ्या बैठका असतात. त्यांची अल-ॲनॉन ही संघटना १९५१ पासूनची. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं शेजाऱ्यांपासून घरातली भांडणं लपवली, त्यांना तिथे पहिल्यांदा खरं बोलता येतं.

जिथे बरं होणं शक्य नाही तिथे

आशेची खरी कसोटी, डॉक्टर आता काही करता येणार नाही म्हणतात तिथे लागते. कॅन्सरतज्ज्ञ डॉ. लुईस जोसे डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं. अखेरच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठीचं हे भारतातलं पहिलं सदन. मोत माउलीच्या टेकडीच्या परिसरात, समुद्राकडे तोंड करून. इथे धर्म किंवा पैसा विचारला जात नाही. सिस्टर्स जखमा धुतात, वेदनाशामक देतात, भरवतात आणि बसून ऐकतात.

या विचारामागे लंडनच्या सिसिली साँडर्स आहेत. परिचारिका, समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या साँडर्स गाढ ख्रिस्ती श्रद्धेच्या होत्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. रुग्णाची वेदना एकाच वेळी शरीराची, मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याची असते, आणि यांतली एकही बाजू सोडली तर वेदना कमी होत नाही, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं.

चर्चच्या संस्कारांतही याच काळात बदल झाला. रुग्णाला पवित्र तेल लावण्याचा संस्कार पूर्वी मरणाच्या दारातच दिला जाई, त्यामुळे फादर घरी आले की घरचे घाबरत. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचं स्वरूप बदललं आणि गंभीर आजारी असलेल्या कुणालाही तो मिळू लागला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्णदिन म्हणून जाहीर केला. तो लूर्द मातेचा दिवस. मालाडच्या ओर्लेममधलं मोठं चर्च तिच्याच नावाचं आहे. या दिवसाच्या सुमारास उपनगरांतल्या चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी खास मिस्सा होतात. चाकाच्या खुर्चीतले आजोबा, किमोथेरपीने केस गेलेली बाई, डायलिसिसवरचा तरुण एका रांगेत बसतात. एरवी आजारपण घरात कोंडलेलं असतं, त्या दिवशी ते सगळ्यांच्या मधोमध येतं.

मनाच्या आतली साधना

ज्या जेझुइटांनी मरोळजवळचं ते जुनं चर्च बांधलं, त्यांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची आध्यात्मिक वाट एका जखमेतून सुरू झाली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना कोणत्या विचारांनी मन भरून येतं आणि कोणत्यांनी कोरडं पडतं, हे ते पाहू लागले. त्यातून त्यांनी आध्यात्मिक साधनेची पद्धत रचली. मन उदास असताना आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये, हा तिच्यातला एक नियम निराशेच्या गर्तेतल्या माणसाला आजही तारू शकतो.

याच परंपरेतले फादर अँथनी डिमेलो. १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या जेझुइटाने अमेरिकेत समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि १९७० च्या दशकात पुण्यात साधना संस्था सुरू केली, ती पुढे लोणावळ्याला गेली. १९७८ च्या ‘साधना’ या पुस्तकात त्यांनी श्वासाचं भान, कल्पनेतून केलेलं चिंतन आणि भक्ती यांचे सराव दिले. दुखावणाऱ्या आठवणीकडे परत जायचं, पण या वेळी एकट्याने नाही, ख्रिस्ताला सोबत घेऊन, असा सरावही त्यात आहे. त्यांच्या निधनानंतर, १९९८ मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. तरीही शांत बसायला आणि स्वतःकडे पाहायला त्यांनी ज्यांना शिकवलं, त्या धर्मगुरू, सिस्टर्स आणि गृहस्थांच्या कामातून त्यांचा ठसा दिसत राहिला.

विज्ञान काय सांगतं आणि सावध कुठे राहायचं

धर्माचा मनावरचा परिणाम मोजणारे अभ्यास आता पुष्कळ आहेत. हार्वर्डचे टायलर व्हँडरवील आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जवळपास ९० हजार परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून दाखवलं की आठवड्यातून किमान एकदा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांत आत्महत्येचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाचपट कमी होतं. त्यात प्रामुख्याने कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट स्त्रिया होत्या. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण नियमित भेटणारी माणसं, आशेची शिकवण आणि जीव मोलाचा मानणारा समाज यांचं बळ त्यातून जाणवतं.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी धार्मिक आधाराचे दोन प्रकार दाखवले. देव माझ्यासोबत आहे असं मानणारा माणूस सावरतो. देव मला शिक्षा करतो आहे, त्याने मला टाकलं आहे, असं मानणाऱ्याची प्रकृती आणखी ढासळते. त्यामुळे तुझी श्रद्धा कमी पडली, प्रार्थना वाढव, गोळ्या सोडून दे, असं नैराश्यातल्या माणसाला सांगणारा कुणीही, मग तो प्रवचनकार असो की मावशी, ईयोबाच्या मित्रांची चूक करतो. नैराश्य हा आजार आहे, श्रद्धेची परीक्षा नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याच्या विश्वासाबद्दल कुणी शंका घेत नाही, मग मनाच्या गोळीवर ती का घ्यावी?

या बाबतीत चर्चने स्वतःही धडा घेतला आहे. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारलं जाई. १९८३ च्या कायद्याने ती बंदी काढली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने म्हटलं की गंभीर मानसिक त्रासामुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते आणि चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. मागे राहिलेल्या आईवडिलांच्या डोक्यावरचा एक भयंकर भार यामुळे हलका झाला. ही गोष्ट अजून प्रत्येक घरापर्यंत पोचलेली नाही. ती वेदीवरून स्पष्ट शब्दांत सांगायला हवी.

अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफा रस्त्यावर सिस्टर्स चालवत असलेलं होली स्पिरिट हॉस्पिटल आहे. एकाच आवारात प्रार्थनेची खोली आणि औषधांची खोली. उपचार आणि श्रद्धा यांनी एकमेकांकडे पाठ फिरवण्याचं कारण नाही, हे तिथे रोज दिसतं. माहीमचं स्नेहालय हे मुंबई धर्मप्रांताचं कुटुंबसेवा केंद्र समुपदेशन करतं. बिशप बॉस्को पेन्हा यांनी १९८० च्या दशकापासून रुजवलेले लहान ख्रिस्ती समूह इमारतीइमारतींत आहेत. गरिबांच्या घरी जाणारे विन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्यकर्ते आहेत. म्हणजे माणसं आहेत, जागाही आहेत. आता त्यांना खचलेल्या मनाची लक्षणं ओळखायला शिकवायला हवं.

कारण गरज मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं आढळलं आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. त्यांतले अनेक जण डॉक्टरकडे जाण्याआधी देवाच्या दारी येतात. तिथे भेटणारा फादर, सिस्टर किंवा शेजारी त्यांना पहिला ऐकणारा माणूस असतो.

तेव्हा ज्यांच्या हाती हे आहे त्यांच्याकडे दोन मागण्या आहेत. ओळखीच्या घरी मृत्यू झाला असेल तर दफनाच्या दिवशी जा, पण दीड-दोन महिन्यांनी, भेटणाऱ्यांची वर्दळ थांबल्यावर, पुन्हा जा आणि गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. आणि प्रत्येक चर्चच्या फलकावर, नोव्हेनाच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर, सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र चालते, मोफत आहे आणि तिच्यावर मराठीतून बोलता येतं.